दोन लिंबं कमी

काल सोसायटीत कुणाच्या तरी नव्या गाडीखाली लिंबू फुटलं आणि त्या वासासरशी कर्वेनगरचं आमचं अंगण डोळ्यापुढे आलं. माझ्या पोलिओच्या पायासाठी स्कूटरला मागे दोन जादा चाकं बसवून आणली होती. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, खडकीला नोकरीवर पहिल्यांदाच एकटी निघाले होते.

आईकडे लिंबं दोनच. "चार चाकं हायत गं, शेजारनं आणखी दोन आणते."

"आई, पहिल्याच दिवशी उशीर करू का?" ती वळताच मी स्कूटर दामटली.

"अगं, थांब की!" ती मागून धावत ओरडली.

तेव्हा नुसती चिडले होते. तोवर सगळे मला 'चल लवकर' म्हणायचे. माझ्यामागे कुणाला धावावं लागलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.