मोठ्या मायचा चेहरा

धानोऱ्याच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या फुलवंताबाईला "जरा बस" असं सांगणं म्हणजे तिला शिक्षा देणं. तिच्या पायाला भिंगरी आहे असं गाव म्हणतं, आणि निदान तिच्या बाबतीत तरी गाव खोटं बोलत नाही. खिचडी रटरटत असते तेवढ्यात ती ताटं मोजते, अंगण झाडते, परत येऊन झाकण उघडते, उगाच मीठ चाखते. मुलगा सुकलाल याच्या लग्नात फोटोवाल्याने तिला चार वेळा हाक मारली. शेवटी फोटोत तिचा कोपर आला आणि हिरव्या पदराचा तुकडा. घरातल्या भिंतीवर तोच फोटो लावलेला आहे, आणि ती पाहुण्यांना तो कोपर कौतुकाने दाखवते.

अशा बाईचं आणि मशीनचं जमणार कसं? रेशनच्या दुकानात तिचा अंगठा लागत नाही. जन्मभर मिरच्या निंदल्या, पाटा घासला, चुली सारवल्या, अंगठ्यावर रेघ म्हणून उरली नाही. मग दुकानदाराने फोन तिच्या तोंडासमोर धरला. चेहरा दाखवा, हलू नका. ती हलली. पुन्हा धरला, पुन्हा हलली. टुंगकन वाजून लाल खूण आली. मागच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "हाई बाई शे तरी का नही, तेच मशीनले कळी नही ऱ्हायनं." सगळे हसले. फुलवंताबाईही हसली, पण ते बोलणं तिच्या जिव्हारी लागलं होतं.

म्हणून त्या दिवशी काय झालं ते समजून घ्यायला हवं.

सुकलाल आणि त्याची बायको ममता दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांची अकरा वर्षांची निशा शाळेसाठी आजीकडे राहते. दर रविवारी आईला पोरीचं तोंड दिसावं म्हणून ममताने जाताना फोन ठेवला होता. खिचडीचं पातेलं उतरवून झालं होतं, तेवढ्यात निशा आणि तिच्या वर्गातली तीन-चार पोरं फोन घेऊन आली.

"मोठी माय, जराशी अठे देख ना," निशा म्हणाली.

"माले येळ नही शे."

"एक घडी!" म्हणत निशाने आजीची हनुवटी दोन्ही हातांत धरली. नवनीत नावाच्या पोराने फोन समोर धरला. मान डावीकडे कर, आता उजवीकडे, डोया मिचकाव. पोरीचे हात गालांवर होते, म्हणून फुलवंताबाई हलली नाही. फोनवर हिरवी खूण उमटली आणि पोरं नाचायला लागली.

"पास व्हयनी! मोठी माय पास व्हयनी!"

फुलवंताबाईला काय वाटलं ते सरळ सांगतो. तिला आनंदाने रडू आलं. कोपऱ्यात छोटंसं १८ लिहिलेलं तिला दिसलं. आकडे तिला कळत. अठरावा धडा असेल, असा तिने अंदाज बांधला आणि पोरांना वरून एकेक पळी खिचडी जास्त वाढली. मशीनने आपल्याला ओळखलं, हे घरी जाताना शेजारच्या चांदबीला तिने दारातूनच ओरडून सांगितलं, "चांदबी, मशीननी माले वयखं वं!"

मग काय, रोजचाच धंदा झाला. या पोराचा फोन, त्याच्या काकाचा फोन, शेजारच्या आळीतला फोन. पोरं खिचडीनंतर रांग लावत आणि फुलवंताबाई पदर सारखा करून, केसांवरून ओला हात फिरवून त्यांच्यासमोर मान वळवी. फोटोवाल्यासाठी जी बाई उभी राहिली नाही, ती आता पोरांच्या हाकेची वाट पाहायला लागली. एखाद्या दिवशी कोणी आलं नाही तर तिला चुकल्यासारखं होई.

घरी मात्र काहीतरी बिघडत चाललं होतं आणि तिला ते बोटाने दाखवता येत नव्हतं. निशा पूर्वी आजीच्या मागेमागे फिरे, संध्याकाळी तिच्या केसांना तेल लावून वेणी घाली आणि शाळेतलं सगळं ओकून टाकी. आता ती भिंतीकडे तोंड करून बसे. भाकरी समोर वाळून जाई. फोन चार्जिंगला लावला की पोरीचा जीव थाऱ्यावर नसे. दारापर्यंत जाई, परत येई, फोनला हात लावून पाही, पुन्हा दाराकडे. फुलवंताबाईला वाटलं, चला, पोर माझ्यावर गेली. पण झोपेतही पोरीचा अंगठा गोधडीवर टकटक करी, ते पाहून ती घाबरली. तिने मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. ठसका काही उठला नाही, तेव्हा दृष्ट जबर आहे, असं तिने ठरवून टाकलं.

आणि एका रविवारी ममताचा फोन आला. निशाने स्क्रीनकडे पाहिलं आणि आईचा फोन कापून टाकला. पुन्हा आला, पुन्हा कापला.

"काबर कापस व? माय शे तुन्ही!"

"आते पेटी उघडी ऱ्हायनी ना! गयी ती! तुन्ही बडबडमा गयी!" निशा अशी किंचाळली की फुलवंताबाईच्या हातातला तवा खाली पडला. पेटी म्हणजे काय, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

ते तिला शनिवारच्या पालकसभेत कळलं.

शाळेच्या ओसरीत बायका बसल्या होत्या, चार-दोन बाप्ये होते, मागे पोरं. फुलवंताबाई अर्थातच बसली नव्हती, चहाचे कप फिरवत होती. राजेंद्र सरांनी एका पोराचा फोन वर धरला आणि फार कडक आवाजात नाही, पण थकल्यासारखे बोलले. या खेळात तीन पेट्या असतात. पेटीत काय निघेल ते आधी कळत नाही. बहुतेक वेळा सुकलेलं पान निघतं, क्वचित कधीतरी सोन्याचा मोर. त्या मोरासाठी पोरं रात्रंदिवस पेट्या उघडतात. "हा जुगाराचाच भाऊ आहे," सर म्हणाले. "म्हणून तर यावर अठरा लिहिलंय. अठरा वर्षांखालच्यांना बंदी. मोठ्या माणसाचा चेहरा दाखवल्याशिवाय हा उघडतच नाही. आणि आपल्या शाळेतल्या एवढ्या पोरांकडे हा उघडलाय. म्हणजे गावातलं कोणीतरी मोठं माणूस पोरांना आपला चेहरा देतंय. एक आजी आहे एवढंच पोरं कबूल करतात. नाव सांगत नाहीत."

बायकांमध्ये कुजबुज झाली. आणि सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? आमच्या फुलवंताबाईचा.

"कोन शे ती सटवी?" ती कपांचं ताट खाली आदळत म्हणाली. "तिना घरमा लेकरं नहीत का? असी बाईले गावमा ठेवू नका, सर! तिले शाळानी पायरी चढू देऊ नका!"

"बरोबर शे," चांदबी म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या.

"त्या आजीला कदाचित ठाऊकही नसेल," सर म्हणाले. "पोरं म्हणतात मान डावीकडे कर, उजवीकडे कर, डोळे मिचकाव. ती करते. तिला वाटत असेल काहीतरी अभ्यासाचं आहे."

फुलवंताबाईचे हात थांबले. ओसरीच्या मागच्या बाजूला सगळी पोरं तिच्याकडेच बघत होती. एकानेही तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी तिला वाचवलं होतं, आणि त्या वाचवण्याने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निशा पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत होती. आता गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. खिचडीचं काम राहील, गावात मान राहील, पोरं रांग लावत राहतील. क्षणभर, खरं सांगायचं तर, तिला गप्प बसावंसं वाटलं.

"सर," ती म्हणाली, "ती सटवी मीच शे."

कोणीतरी फिस्सकन हसलं. चांदबीने तिचा पदर ओढला, "बस ना वं, काय बी बोलस." पण सरांचा चेहरा पडला होता. ते उठले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"फुलवंताबाई, झालं ते झालं. पण तो खेळ अधूनमधून पुन्हा चेहरा मागतो. आज-उद्या परत मागेल. तेव्हा देऊ नका. पोरं रुसतील, रडतील. घरची तर जास्तच."

घरी येताना निशा चार पावलं पुढे चालत होती. फुलवंताबाईने मनात वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. घरी आल्यावर तिने धुतलेली भांडी परत धुतली. शेळीला पाणी पाजलेलं असून पुन्हा पाजायला गेली. पोरीशी वाकडं आलं तर घरात आहे कोण? भिंतीवरचा एक कोपर. तो काय बोलणार?

दिवेलागणीला निशा तेलाची बाटली घेऊन आली.

"मोठी माय, बस. येनी घालस."

किती दिवसांनी! फुलवंताबाई ओट्यावर बसली. पोरीने तिच्या मागे बसून केस मोकळे केले, तेल थापलं, हळूहळू बोटं फिरवली. बोललीही. वर्गातल्या बाकाचं, नवनीतच्या फाटलेल्या दप्तराचं. फुलवंताबाईला वाटलं, सर उगाच घाबरवतात. पोर आपली आहे, आपल्याकडे परत आली. वेणी अर्धी झाली आणि पोरीचा एक हात खांद्यावरून पुढे आला. त्यात फोन होता.

"जराशी देख ना. एकच डाव. परत नही मांगसू."

तेल, बाक, दप्तर, सगळं कशासाठी होतं ते एका झटक्यात कळलं. सभेत सगळ्या गावासमोर उघडलेलं तोंड आता उघडेना. नाही म्हटलं तर हे हात केसांतून निघून जातील. म्हणून तिने तिला सुचलं ते केलं. डोळे गच्च मिटून घेतले.

"डोया उघड ना."

तिने मान हलवली नाही. मिटल्या पापण्यांमधून पाणी ओघळून हनुवटीवर आलं.

"मोठी माय! येळ सरी ऱ्हायना! उघड ना वं!" पोरीचा आवाज चिरकला. मग फोन टुंगकन वाजला, रेशनच्या दुकानातला फोन वाजला होता तसाच.

"लाल उनं," निशा रडत म्हणाली. "नही वयखं तुले."

"नको वयखू दे," फुलवंताबाई म्हणाली. "तू वयखस ना माले?"

खांद्यावरचा हात गेला. पावलं दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा दारापर्यंत गेली. अर्धी वेणी सुटायला लागली होती. जन्मात कधी न बसलेली ती बाई डोळे मिटून ओट्यावर बसून राहिली. उठावं, पोरीला धरावं, चुलीकडे बघावं, असं तिच्या पायांना सारखं वाटत होतं. तिने ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली.

बऱ्याच वेळाने मागे कोणीतरी बसलं. नाक ओढल्याचा आवाज आला. सुटलेले केस पुन्हा गोळा झाले, तीन पेड वेगळे झाले आणि जोरजोराने, रागारागाने वेणी पुढे जायला लागली. डोकं दुखत होतं. पण वेणीत दोन्ही हात होते. म्हणजे फोन खाली ठेवलेला होता.

तरी फुलवंताबाईने डोळे उघडले नाहीत.