गुरुवारचं भांडं

व्हर्लिन होस्टेटलरला रॉइस टिबेट्सच्या बुटाचा नंबर ठाऊक होता. उंची सहा फूट नऊ इंच, वजन दोनशे दहा पौंड, डावा घोटा थोडा कच्चा, गणितात बरा, इंग्रजीत यथातथा. मुलगा आमच्याच गावचा, बारावीतला. आणि व्हर्लिनशी त्याचं नातं एवढंच, की व्हर्लिन त्यांच्या रस्त्याचा पोस्टमन होता.

इंडियानात माणूस बास्केटबॉलवर प्रेम करतो यात काही नवल नाही, पण व्हर्लिनचं प्रकरण पुढे गेलेलं. ओकली स्टेट युनिव्हर्सिटीच्या मैदानात चौदाव्या विभागातल्या सातव्या रांगेतल्या दोन खुर्च्या त्याच्या बापानं एकसष्ट साली दर हंगामासाठी राखून घेतलेल्या. बाप गेला, खुर्च्या व्हर्लिनकडे आल्या. पाठीराख्यांच्या मंडळात त्याचं नाव होतं, गाडीला निळा झेंडा होता, आणि तेहेतीस वर्षांत ओकलीनं एकदाही मोठं अजिंक्यपद जिंकलं नाही याचं दुःख तर घरच्या माणसासारखं त्याच्या उशाशी बसलेलं असे. आता रॉइस टिबेट्स ओकलीला आला तर जिंकणार, हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. नाही आला तर?

कुठल्या कॉलेजला कोण हवंय हे पेपरवाल्यांच्या आधी व्हर्लिनला कळे. पत्रं त्याच्या हातून जात. त्यानं कधी एक पाकीट उघडलं नाही, कानाला लावून हलवलंसुद्धा नाही. त्या बाबतीत माणूस सोन्यासारखा. पण बाहेरून बघायला कायद्याची आडकाठी नव्हती. छापील पत्ता म्हणजे कारकुनानं पाठवलेलं. हातानं लिहिलेला पत्ता म्हणजे प्रशिक्षकाला मुलगा खरंच हवाय. ओकलीचं हातानं लिहिलेलं पत्र आठवड्याला एक. हार्लन टेकचं, म्हणजे त्या जांभळ्या झेंड्याच्या लोकांचं, उन्हाळ्यापर्यंत महिन्याला एक. सप्टेंबर लागला आणि हार्लनची आठवड्याला तीन यायला लागली. व्हर्लिनच्या मनात पाल चुकचुकली.

त्यातच त्याला ते भांडं दिसलं.

टिबेट्सांची पत्रपेटी रस्त्याच्या कडेला आणि घर आत साठ-सत्तर पावलांवर. गुरुवारी अकराच्या सुमाराला तो पेटीशी गाडी लावून बसल्या जागेवरून पत्रं टाकत होता, तेव्हा पडवीतल्या झोपाळ्यावर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी दिसलं. वर चांदीचा कागद चमकत होता. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. तिसऱ्या गुरुवारी त्यानं गाडी थांबवून दुर्बीण काढली. दुर्बीण पक्षी बघायला ठेवली आहे असं तो बायकोला सांगत असे.

कुणीतरी रॉइसला खाऊ घालत होतं. आता हे तुम्हा-आम्हाला साधं वाटेल, पण व्हर्लिनला नियमांचं पुस्तक तोंडपाठ होतं. ज्या मुलाला कॉलेजं मागताहेत त्याला कुठल्याही कॉलेजच्या पाठीराख्यानं फुकट सँडविचसुद्धा द्यायचं नाही. दिलं आणि सापडलं, तर त्या कॉलेजला तो मुलगा सोडावा लागतो.

"जांभळ्यांचं काम आहे," ओपलच्या खानावळीत कॉफी पिताना तो हळू आवाजात म्हणाला.

"कशावरून?" ओपलनं विचारलं.

"डॉक्टर प्रिचर्डचा दवाखाना गुरुवारी बंद असतो."

प्रिचर्ड म्हणजे गावचा दातांचा डॉक्टर, हार्लन टेकमध्ये शिकलेला, दारात जांभळा झेंडा लावणारा. व्हर्लिनची दाढ त्यानंच काढली होती आणि ती विनाकारण काढली असा व्हर्लिनचा अकरा वर्षांपासूनचा संशय होता.

"गुरुवारी तर तो गोल्फ खेळायला जातो रे," ओपल म्हणाली.

"असं तो सांगतो."

"आणि कोंबडी नि शेवयांची भांडी भरून त्याला बायको देते होय? ती बाई अंडं उकडायला घेते तर पातेलं जाळते."

"विकत आणत असतील. हार्लनवाल्यांना काय कमी आहे?"

"व्हर्लिन, एक दिवस तू स्वतःच्या सावलीची तक्रार करशील बघ," ओपलनं त्याचा पेला भरला. "रविवारी चर्चला येत जा जरा. चार माणसांत बसलास तर डोकं ताळ्यावर राहील."

चर्चला तो यायचा कसा? शनिवारी सामना बघून येईपर्यंत उशीर झालेला असे आणि रविवारी सकाळी तो ओकलीच्या आकडेवारीची कात्रणं चिकटवत बसे. बायको, लुएला, एकटीच जायची. व्हर्लिनला ते सोयीचं पडे.

सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी त्यानं कॉलेजांच्या खेळांचे नियम सांभाळणाऱ्या शहरातल्या कचेरीला एक पत्र लिहिलं. डाव्या हातानं, मोठ्या छापील अक्षरांत, म्हणजे कुणाला हस्ताक्षर ओळखू येऊ नये. 'एक हितचिंतक' अशी सही केली. रॉइस टिबेट्सच्या घरी दर गुरुवारी एका कॉलेजचा पाठीराखा अन्न पोचवतो, भांडं चौकोनी असतं, वर टॉवेल असतो, चौकशी व्हावी. प्रिचर्डचं नाव त्यानं घातलं नाही. नाव घालणं त्याला नीचपणाचं वाटलं. त्या लोकांना चोर सापडेलच, अशी त्याची खात्री होती. पत्र त्यानं शेजारच्या गावच्या पेटीत टाकलं आणि घरी येऊन जेवायला बसला. पानात कोंबडी घातलेल्या भाजलेल्या शेवया होत्या. गुरुवारी त्याच असत. हा बेत गेले दीड महिना चालला होता आणि त्याबद्दल मात्र त्याला कसलाच संशय आला नव्हता.

"झकास झाल्यात," तो म्हणाला.

"अजून घे," लुएला म्हणाली. "अर्ध्याच उरल्यात."

दोन आठवड्यांनी कोलंबस डेची सुट्टी आली. पोस्ट बंद, म्हणून व्हर्लिन घरीच होता. दुपारी दोन अनोळखी माणसं दारात उभी राहिली. एक उंच, एक टकलू, दोघांच्या गळ्यात टाय. नियम सांभाळणाऱ्या कचेरीचे, थेट शहरातून आलेले. त्या रस्त्याचा पोस्टमन म्हणून माझी साक्ष घ्यायला आले, असं व्हर्लिनला वाटलं. त्यानं खुर्च्या पुढे केल्या.

"साहेब, आमचं काम होस्टेटलरबाईंकडे आहे," टकलू म्हणाला.

त्यानं टेबलावर एक फोटो ठेवला. चौकोनी पांढरं भांडं, पालथं घातलेलं. तळाला चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात: लु. होस्टेटलर.

आमच्याकडे कुणाच्या घरी जेवण पोचवलं की बायका भांड्याच्या तळाला चिकटपट्टी लावून नाव लिहितात, म्हणजे भांडं धुऊन परत येतं. गावातल्या प्रत्येक भांड्याखाली अशी पट्टी असते. व्हर्लिननं तीस वर्षं ती भांडी उलटीसुलटी पाहिली होती. दुर्बिणीतून तळ दिसत नाही.

"हो, माझंच आहे," लुएला सरळ म्हणाली. "डोना टिबेट्सच्या मणक्याचं ऑपरेशन झालं ऑगस्टात. नवरा ट्रकवर, पोरं घरात. चर्चच्या बायकांनी वार वाटून घेतले. सोमवार ओपलचा, मंगळवार मिस मोहरचा, गुरुवार माझा. बाकीच्या संध्याकाळी नेतात, मी सकाळीच पडवीत ठेवून येते. चर्चच्या दारातल्या फळ्यावर यादी लावलीय, बघा जाऊन."

"बघितली," उंच माणूस ओशाळून म्हणाला. "बाई, तुम्ही काही वाईट केलंत असं कुणी म्हणत नाही. पण यादीतल्या बाकीच्या कुणी कॉलेजच्या मंडळात नाहीत. तुमच्या घरचं नाव ओकलीच्या पाठीराख्यांत आहे. आणि तक्रार लेखी आली की आम्हाला डोळेझाक करता येत नाही."

"कुणी केली तक्रार?"

"निनावी आहे." त्यानं पत्राची प्रत पुढे सरकवली. सोबत पाकिटाचीही प्रत होती.

लुएलानं चष्मा लावला. पत्र वाचलं. मग पाकीट पाहिलं, आणि पाकिटावरच तिची नजर थांबली. त्यांच्या कचेरीचा पत्ता होता आणि खाली पिनकोड होता, नऊच्या नऊ आकडे, मधल्या आडव्या रेघेसकट. गावातला शहाणासुरता माणूस पाच आकडे लिहून मोकळा होतो. ते पुढचे चार आकडे कुणाला पाठ नसतात, आणि असले तरी कुणी लिहीत नाही. लिहितो तो फक्त पोस्टमन. व्हर्लिननं अक्षर डाव्या हातानं काढलं, सही खोटी केली, पेटी परगावची शोधली, पण अपुरा पत्ता लिहायला त्याचा हात धजला नव्हता.

लुएलानं चष्मा काढला आणि नवऱ्याकडे पाहिलं. व्हर्लिन फोटोतल्या भांड्याकडे बघत होता. कान लालबुंद झाले होते. मग पाहुण्यांना तिनं कॉफी दिली आणि केकही कापून दिला.

गाडी निघून गेल्यावर ती म्हणाली, "मला विचारायचं तरी होतंस."

"तू मला का नाही सांगितलंस?" व्हर्लिन उसळून म्हणाला.

"सांगितलं असतं तर दर गुरुवारी जेवायच्या आधी माझी तपासणी झाली असती. भिंतीवर कुठला झेंडा आहे, खुंटीवर कुठली टोपी आहे, पोरगा काय म्हणाला. आजारी बाईला दोन घास द्यायला जाते मी, हेरगिरीला नाही. ओपललाही म्हणूनच गप्प बसायला सांगितलं होतं."

ओकलीनं रॉइसचा नाद सोडला. सोडावाच लागला. निळी हातानं लिहिलेली पत्रं एका आठवड्यात बंद झाली. ती येत नाहीत हे गावात सगळ्यांत आधी कळलं ते व्हर्लिनलाच. टिबेट्सांच्या पेटीत तो जांभळ्या शिक्क्यांची पाकिटं टाकत राहिला. नोव्हेंबरच्या मध्यावर शाळेच्या व्यायामशाळेत टेबल मांडलं, टेबलावर एकेका कॉलेजच्या टोप्या ठेवल्या; मुलगा जी उचलेल ते त्याचं कॉलेज. रॉइसनं जांभळी उचलून डोक्यावर घातली आणि सही केली. टाळ्या पडल्या. डॉक्टर प्रिचर्डनं शिट्टी वाजवली. व्हर्लिन मागे दाराशी उभा होता. पोरगा हसत का नाही, हार्लनवाल्यांनी याला धमकावलं तर नसेल, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी टपाल लावताना त्याच्या हातात ओकलीचं पाकीट आलं. छापील पत्ता. नाव त्याचंच. तो तिथेच उघडू शकला असता, पण टपाल घरी पोचल्याशिवाय उघडायचं नाही हा त्याचा नेम होता. दिवसभर ते पाकीट शेजारच्या सीटवर पडून राहिलं. त्याचं घर रस्त्यावरचं शेवटून दुसरं. पावणेतीनला त्यानं ते स्वतःच्या पेटीत टाकलं, शेवटच्या घराचं टपाल दिलं, गाडी पोस्टात लावली, घरी आला, गणवेश बदलला आणि पेटीपर्यंत चालत जाऊन पाकीट काढलं.

पाच वर्षं ओकलीशी कसलाही संबंध नाही. मंडळातून नाव कमी. चौदावा विभाग, सातवी रांग, दोन्ही खुर्च्या परत घेतल्या आहेत. आजवरच्या निष्ठेबद्दल आभार.

लुएला पायरीवर येऊन उभी राहिली होती. त्यानं कागद तिच्या हातात दिला. बापाच्या खुर्च्या गेल्या होत्या. व्हर्लिन पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याला कधी रडताना तिनं पाहिलं नव्हतं, ओकली हरल्यावर सोडलं तर.

ती शेजारी बसली. मग म्हणाली, "आता सांगायला हरकत नाही. टिबेट्सच्या पोरानं सप्टेंबरातच ठरवलं होतं. ओकलीच. भांडं परत न्यायला गेले तेव्हा रॉइसनं मला सांगितलं. सही होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही असं वचन घेतलं माझ्याकडून. तुला तर मुळीच नाही."

"मला का नाही?"

"म्हणाला, होस्टेटलरकाकांना मी स्वतः सांगणार. माझी सगळी पत्रं त्यांनी आणली. सगळ्यांत आधी त्यांना कळायला पाहिजे."

व्हर्लिननं डोळे पुसले. पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग मान वळवून त्यानं बायकोकडे बारीक नजरेनं पाहिलं.

"लुएला," तो म्हणाला, "हे तू आत्ता रचून सांगत नाहीस ना?"

लुएला उठली. आत गेली आणि दार लावून घेतलं.