तीन वाक्यांची आई

किल्ल्यातल्या जुन्या चर्चचं स्मारक झालं तेव्हा बाकं निघाली, घंटा उतरली आणि वेदीच्या जागी युद्धात कामी आलेल्या जवानांचे फोटो लागले. पहिल्या रांगेत एका बाईचा मुलगा. सैन्याचे गणवेश शिवणाऱ्या या बाईला मोठ्या मानाने स्मारकाची देखभाल दिली, आवारातच एक खोली दिली. तेव्हापासून ती सगळ्यांची आई झाली. स्मारकाचा कारभार बघणारे पांढऱ्या मिशांचे साहेबसुद्धा तिला आईच म्हणत. वयाने ते मोठे, पण मान द्यायचाच म्हटल्यावर वय कोण बघतो!

पाहुणे आले की फोटोशेजारी उभं राहून दोन शब्द बोलायचे. पहिल्या दिवशी ती मोकळेपणाने सांगायला लागली, की पोरगा महा झोपाळू, तोंडावर पाणी मारल्याशिवाय उठायचा नाही, आणि बहिणीच्या ताटातलं हमखास पळवायचा. पाहुणे हसले. साहेबांनी तिला बाजूला घेतलं.

"आई, इथे लोक डोकं टेकवायला येतात. वीर झोपाळू नसतात."

मग त्यांनीच तिला तीन वाक्यं बसवून दिली.

ती तिने घोकली. शाळेची सहल असो नाहीतर पुढारी, तीच तीन वाक्यं. उंच छताखाली घुमून पुन्हा तिच्याच कानात यायची. लेक म्हणायची, सोड ते, माझ्याकडे ये. पण तुम्ही गेलात तर फोटोजवळ कोण उभं राहणार, असं साहेब हळहळून विचारायचे, आणि तिलाही वाटायचं, पोर परक्यांत एकटं पडेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सुट्टी मागायला ती साहेबांच्या दारापर्यंत जायची आणि तिथलं पायपुसणं झटकून परत यायची.

शेवटी लेकच नातीला घेऊन आली. संध्याकाळी किल्ल्याचा दरवाजा बंद झाला आणि तिघी खोलीत जेवायला बसल्या. नातीने मामाला कधी पाहिलंच नव्हतं.

"आजी, मामा कसा होता गं?"

आजी खुलली. आज अडवणारं कोणी नव्हतं. हातातला घास ठेवून ती बोलायला लागली.

"माझा मुलगा लहानपणापासून निर्भय होता. देशापुढे त्याला काही दिसलं नाही. त्याची आई असल्याचा मला अभिमान आहे."

लेक म्हणाली, "आई, ते नको. तो झोपायचा कसा, ते सांग ना."

तिने खूप आठवून पाहिलं. हातातला तांब्या आठवला, मारलेलं पाणी आठवलं. उशीवरचा चेहरा मात्र फोटोतलाच होता, टोपी घातलेला, टक्क जागा.