सहा फुटांची गल्ली

मंगळवारी सकाळी अकरा वाजता माझे यजमान वारले. मी शाळेत होते. ते गोडादऱ्याच्या एका गल्लीत ड्रेनेजच्या पाइपसाठी चर खोदत होते. खोदता खोदता ते बसले आणि उठले नाहीत. त्यांच्या भागीदारानं शाळेत फोन केला. मी पोहोचले तेव्हा फावडं चरातच होतं आणि ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी उभा होता.

या गुजराती शहरात मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. यजमान आणि त्यांचे भागीदार दोघेही खानदेशातले. तरुणपणी लिंबायतमध्ये एकाच कापड-कारखान्यात लूम चालवायचे, पुढे दोघांनी मिळून हा ट्रॅक्टर घेतला. फळबागेत चालतो तसला छोटा, जेमतेम साडेतीन फूट रुंद. आमच्या भागातल्या गल्ल्यांत मोठं पिवळं खोदाई मशीन शिरत नाही, त्यामुळे पाण्याच्या किंवा ड्रेनेजच्या लाइनसाठी तिथे माणसांनीच खोदावं लागतं. हे दोघे खोदायचे आणि निघालेली माती ट्रॉलीत भरून न्यायचे.

शेवटच्या वर्षी यजमानांनी बॅकहोचा ध्यास घेतला होता. बॅकहो म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीला लावायचा खोदणारा हात, टोकाला दात असलेलं बकेट. लहान ट्रॅक्टरसाठी लहान बॅकहो मिळतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते माहितीपत्रकं गोळा करून आणायचे, जेवण झालं की पसरून बसायचे आणि मला विचारायचे, “हे बघ ना, तीन पॉइंटवर बसवायचा की खाली फ्रेम टाकून? तू शिकलेली आहेस, वाचून सांग.” मी माझं पुस्तक वाचत असे. एकदा मी मान वर न करता म्हटलं, “तुमचं तुम्ही बघा.” त्यांनी पत्रकं गोळा केली आणि पुन्हा विचारलं नाही.

ते गेल्यावर सव्वा महिन्यानं भागीदार घरी आले. मी त्यांना भाऊ म्हणते. ते आत येऊन बसेनात, दारातच चौकटीला हात लावून उभे राहिले.

“वहिनी, ट्रॅक्टर इकी टाका आते. उसाच्या पट्ट्यातला एक माणूस पाहून गयना. आठवड्यानं परत येणार शे.”

“विकायचा? आणि तुम्ही?”

“मी काय, जासू परत लूमवर. मना एकलाघाई खोदणं व्हवाव नही. गुडघा पाहा ना कसा सुजना शे.”

ते पन्नाशीचे होते. बारा तासांच्या पाळीला त्या गुडघ्यानं उभं राहायचं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ट्रॅक्टर गेला की त्यांनी दोघांनी अकरा वर्षं उभं केलेलं काम संपणार होतं. मला ते संपायला नको होतं. पण तसं न सांगता मी म्हटलं, “बॅकहो बसवला तर? पैशांचं मी बघते.”

“तो गया, आनि बॅकहो बी गया त्यानासंगे. कोन निवाडा करी? माले तर ते कागद समजतस नहीत.”

“पंधरा दिवस थांबा. मी वाचते.”

भाऊ हसले. यजमान गेल्यानंतर प्रथमच त्यांना हसताना पाहिलं. “हाई शाळानं पुस्तक नही शे, वहिनी!”

मी ट्रॅक्टरबरोबर आलेली कंपनीची पुस्तिका आणि यजमानांची माहितीपत्रकं पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मला दुसऱ्या कुठल्या प्रकारे वाचता येत नाही. रोज शाळेतून आल्यावर दहा-बारा पानं. त्यातून एवढं कळलं की ट्रॅक्टरच्या मागे जे तीन सांधे असतात, म्हणजे ते तीन पॉइंट, ते नांगरासारखं अवजार उचलायला आणि ओढायला केलेले असतात. बॅकहो मात्र ट्रॅक्टरला ढकलतो, उचलतो, बाजूला पिळतो. सगळा जोर त्या सांध्यांवर आणि त्यामागच्या ओतीव भागावर आला, तर तो भाग तडकू शकतो. फ्रेम टाकली तर ती पोटाखालून पुढच्या बाजूपर्यंत जाते आणि जोर सगळ्या अंगावर वाटला जातो.

भाऊंना घेऊन मी कतारगामच्या एका वर्कशॉपमध्ये गेले. मालक गुजराती, वयस्कर, चष्म्याची दोरी गळ्यात. त्यांनी आधी भाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नक्की कुणाशी बोलायचं ते ठरेना म्हणून ते मधल्या हवेशी बोलले.

“जुओ बेन, तीन पॉइंटवाळुं सस्तुं ने सहेलुं. अर्ध्या घंट्यात लगाव, अर्ध्या घंट्यात निकालो. सात फूट खोदेगा.”

भाऊंना ते लगेच पटलं. सकाळी खोदायचं, दुपारी बॅकहो काढून ट्रॉली जोडायची, हा त्यांचा हिशेब होता. फ्रेम एकदा बसवली की ट्रॅक्टर कायमचा खोदण्यातच अडकेल, अशी त्यांना भीती. मला फ्रेम हवी होती. वर्कशॉपमध्ये आमचं एकमत झालं नाही. परतताना रिक्षात ते म्हणाले, “सात फूट, वहिनी! सात फूट हातानं खोदाले दोन दिन लागतस.” सात फुटांचा आकडा माझ्याही डोक्यात बसला होता.

रविवारी मी टेप घेऊन लिंबायतच्या दुसऱ्या एका गल्लीत गेले, तिथलंही काम अर्धं राहिलं होतं. ट्रॅक्टर उभा करून कसं खोदता येईल, ते मला पाहायचं होतं. टेप नेणं ही माझी चूक झाली. आमच्याकडे गल्लीत टेप घेऊन कुणी आलं की तो महापालिकेचा माणूस असतो आणि तो दारापुढचे ओटले तोडायला आलेला असतो, एवढं मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मी वाकून दोन ओटल्यांमधलं अंतर धरलं, तेवढ्यात वरून आवाज आला.

“ओ बाई! काय मोजी ऱ्हायनी? आमना ओटला तोडाले उनी का?”

एक म्हातारी खाली उतरली. तिच्यामागे आणखी तिघी. एकीच्या हाताला पीठ होतं.

“नाही हो आजी, मी शिक्षिका आहे.”

“तं शाळामा मोज ना! आठे कसाले?”

“सरकारना पगार खाती ना ती? मंग ती सरकारनीच,” पिठाच्या हातांची म्हणाली.

मग मी यजमानांचं नाव सांगितलं. म्हातारी थांबली. “तो ट्रॅक्टरवाला? माय व. त्यानं मना नळनी लाइन टाकी होती.” ती ओटल्यावर बसली. “त्यानी बायको शे का तू. मंग आधी सांगवं ना.”

मी सांगितलं. ट्रॅक्टर, बॅकहो, खोदायच्या वेळी ट्रॅक्टर हलू नये म्हणून दोन बाजूंना टेकायचे लोखंडी पाय. तिला काही समजलं नाही, आणि खरं म्हणजे मलाही नीट समजलेलं नव्हतं. माझ्या पर्समध्ये नेहमी खडू असतात. मी गल्लीतल्या फरशीवर ट्रॅक्टर काढला, खऱ्या मापाचा. साडेतीन फूट रुंद, मागे बॅकहो. मग दोन्ही बाजूंना पाय काढायला गेले. माहितीपत्रकाप्रमाणे ते बाहेर फाकतात आणि टेकल्यावर त्यांच्यातलं अंतर सात फूट होतं. गल्ली भिंतीपासून भिंतीपर्यंत दहा फुटांची, पण दोन्हीकडच्या ओटल्यांनी ती सहा फूट केलेली.

“मी डावा पाय,” पिठाच्या हातांची म्हणाली आणि मी दाखवलं तिथे उभी राहायला गेली. तिला ओटल्यावर चढावं लागलं. समोर दुसरी उजवा पाय झाली, तीही ओटल्यावर.

“मनी पायरी गयी!” म्हातारी ओरडली. “काल बांधेल शे ती!”

“दोन साल झाले तुनी पायरीले, माय,” उजवा पाय म्हणाला.

सगळ्या हसत होत्या. मी खडू हातात धरून उभी होते. सात फूट खोली सगळेच सांगत होते, गल्लीची रुंदी कुणीच विचारली नव्हती. मी फोन करून भाऊंना बोलावलं. ते आले, खडूचा ट्रॅक्टर पाहिला, ओटल्यांवर उभ्या असलेल्या पायांकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

“भाऊ, इथे लाइन किती खोल असते?”

“साडेतीन. चार. जास्तीत जास्त साडेचार.”

“मग सात फूट कशाला हवेत?”

त्यांनी चपलेनं खडूची एक रेघ पुसली. मग म्हणाले, “इतला वरीस आठे खोदी ऱ्हायनू, नि ध्यानमा उनं नही.”

पुन्हा कतारगामला गेलो. या वेळी मी बोलले. लांबीला आखूड हात, पाच फूट खोदेल एवढा. पाय बाहेर न फाकता सरळ खाली जाणारे, ट्रॅक्टरच्या मापातच राहतील असे.

मालकांनी चष्मा काढला. “बेन, पाय सीधा करेगा तो झूलेगा. बकेट बाजूला गया के ट्रॅक्टर डोलेगा.”

“म्हणूनच फ्रेम हवी,” मी म्हटलं. “पाय जवळ आले की पीळ वाढणार. तो तीन सांध्यांवर नको.”

त्यांनी चष्मा परत लावला. “कोणे शीखव्युं?”

“पुस्तिकेत आहे.”

भाऊ अजून ट्रॉलीचंच धरून बसले होते. तेव्हा मी त्यांना पुस्तिकेतलं ते चित्र दाखवलं जे पाहून मी एक दिवस वाचन बंद ठेवलं होतं. बॅकहो चालवणारा मागे तोंड करून बॅकहोच्याच सीटवर बसतो. वरचा सांधा सुटला तर बॅकहो उलटा दुमडतो आणि तो माणूस बॅकहो आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये येतो.

“तिथे तुम्ही बसणार आहात, भाऊ,” मी म्हटलं.

भाऊंनी चित्र पाहिलं, पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली. “फ्रेम टाका, शेठ,” ते मालकांना म्हणाले.

मालकांनी मग स्वतःच सांगितलं की फ्रेम ट्रॅक्टरखाली राहील, पण बॅकहो दोन जाड पिनांवर बसेल. पिना काढल्या, तेलाचे पाइप सोडले, की बॅकहो स्वतःच्या पायांवर उभा राहतो आणि ट्रॅक्टर पुढे निघून जातो. “ट्रॉली पण चालशे, भाई. रडो नहीं.”

उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला भाऊंनी नाही म्हणून कळवलं. बॅकहो बनायला पाच आठवडे लागले. पहिल्यांदा तो काढून ट्रॉली जोडायला भाऊंना दीड तास लागला, आणि त्या दीड तासात त्यांनी दोन्ही पिनांना आईवरून शिव्या घातल्या. आता पंचवीस मिनिटं लागतात.

काम म्हातारीच्याच गल्लीत सुरू केलं. मी सुट्टी टाकून गेले. पहिलंच बकेट भरून भाऊंनी पूर्ण बाजूला फिरवलं आणि ट्रॅक्टर मालकांनी सांगितल्यासारखा डोलला. बायका मागे सरल्या. भाऊंनी बकेट टेकवलं, खाली उतरले, लोखंडी पायांखाली दोन फळ्या घातल्या आणि पुन्हा चढून निम्मंच फिरवायला लागले. त्यानं काम थोडं हळू होतं. पण संध्याकाळपर्यंत जेवढा चर झाला, तेवढ्याला दोघांना तीन दिवस लागायचे. म्हातारी दर अर्ध्या तासानं येऊन पायरीला हात लावून पाहत होती. पायरीला काही झालं नाही.

त्या दिवशी भाऊ घरी गेले तेव्हा लंगडत नव्हते.

आता घरात मी एकटी असते. ट्रॅक्टर दाराशी उभा असतो आणि सकाळी साडेसातला भाऊ किल्ली न्यायला येतात. पुढच्या दोन गल्ल्यांचं काम ठरलं आहे.