आईने हँडल मागितलं

मंडळी, आज गिरडजवळच्या दगडगोट्यांच्या वाटेवर एटीव्ही, म्हणजे जाड टायरची चारचाकी बाईक, चालवून पाहायला गेलो होतो. सोबत आई होती. मनगट मोडल्यापासून आम्ही तिचं ट्रॅक्टर चालवणं बंद केलंय.

माझी फेरी झाली तशी ती म्हणाली, "आता मले दे."

"आई, हात दुखन तुहा."

गाडीवाला हसला. "बसू द्या ना दादा. इले इलेक्ट्रॉनिक पॉवर स्टिअरिंग आहे, हँडल हलकं फिरते."

मी मागे बसलो, जीव मुठीत धरून. गोटे आले, चढ आला, आईने गाडी अलगद वर नेली.

"काऊन रे, भेला काय?" तिने हसत मागे वळून विचारलं.

भ्यालोच होतो. पण तिचा चेहरा पाहून चढ उतरताना हँडल परत मागितलंच नाही.

काळजीपोटी आपण आईवडिलांचं काय काय बंद करून टाकतो, नाही का? तुमच्या घरी काय बंद आहे?