ब्रिन आणि टेटरची खोली

आर्विड टॉफ्टेला ती मुलगी खरं तर फारशी माहीत नव्हती. दोन वर्षं ती त्याच्या तळघरात राहिली. पण तिला भावंडं किती, रविवारी चर्चला जाते की झोपून राहते, कॉलेजात नेमकं काय शिकते, असं कुणी विचारलं असतं तर त्याला धड उत्तर देता आलं नसतं. जंगलाचं काहीतरी शिकत होती. आठवत होता तो ऑगस्टातला एक शुक्रवार, ती जागा बघायला आली तो.

मिझूला या कॉलेजच्या गावात त्या दिवसांत भाड्याची खोली मिळणं म्हणजे दिव्यच. त्यातून कुत्रा असला तर बघायलाच नको. आर्विडने जाहिरातीत ‘कुत्रे चालणार नाहीत’ हे लिहायचं राहून गेलं, आणि दुपारच्या आत दारासमोर एक जुनी पिकअप उभी राहिली. मुलगी उतरली. आत सीटवर रुंद डोक्याचा तपकिरी कुत्रा बसला होता.

“मी ब्रिन स्टॅडलर. हा टेटर. सोमवारी वर्ग सुरू होतायत. तोवर जागा मिळाली नाही तर याला सोडावं लागेल मला.”

“कुठे सोडणार?”

“तेच तर,” ती म्हणाली आणि तिने घाईने फाइल पुढे केली.

त्या गावात कुत्रा असलेली सगळीच पोरं अशी फाइल घेऊन हिंडतात. कुत्र्याचा फोटो, लसीचे दाखले, आधीच्या घरमालकाचं पत्र. नोकरी मागायला माणूससुद्धा इतकं घेऊन जात नाही. आर्विड चष्मा लावून सावकाश वाचू लागला.

“लॅब्राडोर आहे म्हणे.”

“लॅब मिश्र. डॉक्टरांच्या कागदावर तसंच आहे.”

“डॉक्टरांच्या कागदावर माझी दारूही सुटलीय.”

ती हसली नाही. आर्विडला ते खटकलं. असल्या रुंद तोंडाची जात चावरी समजतात, घराच्या विमा कंपन्या तिला नाक मुरडतात, हे त्याला ठाऊक होतं. तिलाही असणार.

मग पत्र. ‘इतका गुणी कुत्रा मी जन्मात पाहिला नाही. मुलगी तर सोन्यासारखी.’ खाली सही, इमोजीन रस्क.

आर्विडने पत्र घडी करून परत दिलं. हेच शब्द, जवळजवळ असेच, दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतः लिहिले होते. एका भाडेकरूच्या हस्की कुत्र्याने स्वयंपाकघराची चौकट भुशासारखी कुरतडली होती. तो माणूस लवकर टळावा म्हणून आर्विडने त्याला सोन्याचा मुलामा दिला, आणि पलीकडच्या गावात कुणीतरी भला माणूस तो वाचून फसला. हे आर्विड कुणापाशी कधी बोलला नव्हता. पण तेव्हापासून त्याला कौतुकाच्या पत्राची धास्ती वाटे.

तरी त्याने पत्रातल्या बाईंना फोन लावला.

“पुन्हा ठेवाल का तिला?” हा घरमालकांचा नेहमीचा प्रश्न.

“उद्या ठेवीन,” बाई म्हणाल्या. “पण माझ्या मुलाने घर विकायला काढलंय.”

“कुत्रा राहत असताना बरं विकायचं सुचलं.”

“अहो, तुम्हाला कुत्रा नको असेल तर सरळ सांगा. पोरीला उन्हात ताटकळत ठेवू नका.” बाईंनी फोन आपटला.

रागावली, म्हणजे खरी असेल. किंवा पकडली गेली म्हणून रागावली असेल. आर्विडला ठरवता येईना.

“याला खाली एकटा ठेव तासभर,” तो ब्रिनला म्हणाला. “तू गाडीत बस. हाक मारायची नाही.”

तो वर स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसला आणि कानातल्या ऐकायच्या यंत्राचा आवाज मोठा केला. दहा मिनिटं गेली. भुंकणं नाही, ओरबाडणं नाही. इतका गप्प कसा? झोपेची गोळी तर दिली नाही ना? त्याने मुद्दाम पातेलं खाली पाडलं. खालून काही नाही. शेवटी जिना उतरून बघितलं, तर टेटर दाराकडे तोंड करून पडलेला, टक्क जागा. त्याने आर्विडची पँट हुंगली आणि पुन्हा दाराकडे बघत बसला.

आर्विड बाहेर गाडीपाशी गेला. मागे झोपायची पिशवी, पुढे काचेपाशी कपात दात घासायचा ब्रश.

“किती दिवस राहतेयस गाडीत?”

“नऊ.”

“आणि बाप ग्लेंडाइव्हला गुरं पाळतो, असं कागदावर लिहिलंयस. एवढी जमीन, आणि एका कुत्र्याला जागा नाही?”

तिने ब्रशचा कप काचेपासून उचलून खाली ठेवला.

“चावला का कुणाला?”

“नाही.”

“मग काय लपवतेयस? मघापासून बघतोय.”

तिने नखं कुरतडली. “रस्कबाईंचं घर सुटल्यावर याला बाबांकडे नेलं, तर वासरांमागे लागला. दोनदा झालं. दुसऱ्यांदा एक वासरू तारेत अडकलं, पाय मोडला त्याचा. बाबा बंदूक आणायला आत गेले, तेवढ्यात मी याला गाडीत घातलं. परत नेला तर ते दोन दिवसही जिवंत ठेवणार नाहीत. पहिल्या तीन घरमालकांना मी हे खरं सांगितलं. तिघांनी दार लावलं. चौथ्यापासून लॅब मिश्र.”

“आणि तो लॅब आहे?”

“मला नाही वाटत.”

आर्विडही गुरांच्या गोठ्यातच वाढलेला. गुरांमागे लागलेला कुत्रा मारायचा, हा त्याच्या वडिलांचाही नियम होता, आणि तो कसा पाळला जाई ते त्याने लहानपणी पाहिलं होतं. दूर डोंगरात उन्हाळी वणव्याचा धूर दिसत होता, तिकडे त्याने उगाच बघितलं.

“माझ्याकडे वासरं नाहीत,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे सामान उतरव. कागदावर लॅब आहे, तर लॅब. पण चौकटींवर मी पेन्सिलीने खुणा करणार आहे. दर महिन्याला येऊन बघणार.”

आणि खरंच बघत होता. काही सापडलं नाही की त्याचा संशय वाढे. तिने कुरतडलेल्या जागी लांबी भरून वरून रंग दिला असेल, म्हणून तो नखाने खरवडून बघे. ती शेजारी कपात कॉफी घेऊन निमूट उभी राही. हिवाळ्यात न सांगता ती त्याच्या दारातला बर्फ उपसून टाके. भाडं कमी करून मागणार, असं धरून तो चार महिने उत्तर तयार ठेवून बसला. तिने मागितलं नाही. वडिलांचा विषय तिने पुन्हा काढला नाही, आणि त्याने विचारलं नाही. विचारायला हवं होतं की काय, हे त्याला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात तिने पिकअप भरली. ब्यूट गावात नोकरी लागली होती. टेटर पुढच्या सीटवर आधीच चढून बसला होता.

“वाटेत ड्रमंडच्या आधीच पेट्रोल भर,” आर्विड म्हणाला. “पुढे महाग पडतं.”

“भरते,” ब्रिन म्हणाली. “तुमच्या पायरीवर शिडी राहिलीय, बघा.”

“असू दे तिथेच. चौकटींच्या वरच्या खुणा पुसायला मला लागणार आहे.”