डाव्या भिंतीवरचा फोटो

सासूबाईंच्या मेंदूत गुठळी झाली. हातपाय वाचले, पण डावीकडचं दिसणं गेलं. दोन्ही डोळे ठणठणीत, तरी डावीकडचं अर्धं जग गायब. ताटात डावीकडं वाढलेली चटणी, लिंबू, मीठ, काहीच त्यांना दिसेना. "चटणी वाढायला हात मोडलाय व्हय तुझा?" असं त्या मला विचारायच्या, आणि चटणी समोरच असायची. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं.

त्याला कारण आहे. माझ्या लग्नातली मानपानाची साडी त्यांच्या मनास आली नव्हती. वर्षभरानं माझी आई राधानगरीकडच्या आमच्या गावाहून मला भेटायला आली, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. सासूबाई हॉलमध्ये लसूण सोलत टीव्ही बघत होत्या. "बरं हाय न्हवं?" आईनं विचारलं. यांनी मानसुद्धा वळवली नाही. आई दुपारपर्यंत सोफ्याच्या कडेला बसून राहिली आणि मग निघाली. पुन्हा आली नाही. पुढच्याच वर्षी ती गेली. त्या दिवसापासून बारा वर्षं मी या बाईला गरम भाकरी वाढतेय, आणि त्यातली एकही मायेनं वाढलेली नाही.

व्यायाम शिकवायला एक थेरपिस्ट बाई घरी यायच्या. त्या म्हणाल्या, "गेलेलं दिसणं परत येईलच असं नाही. पण डावीकडं मान वळवून बघायची सवय लावता येते. ती लागेपर्यंत यांना एकटीनं बाहेर सोडू नका. त्या डाव्या भिंतीवर काहीतरी लावा. रोज शोधू द्या, काय दिसलं ते तोंडानं सांगू द्या. आणि तुम्ही मदत करायची नाही, बरं का."

मदत करायची नाही! असं औषध मला आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं.

"अंबाबाईचा फोटो लाव की," नवरा म्हणाला.

"देवी त्यांना पाठ हाय. न बघताच सांगतील," मी म्हटलं, आणि आईचा फोटो खिळा ठोकून लावला. नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो चप्पल घालून बाहेर गेला.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. पहिल्या दिवशी विचारलं, "आत्या, काय दिसतंय?"

"भिंत."

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "खिळा." म्हणजे खिळा दिसतो आणि खिळ्याला लटकलेला फोटो दिसत नाही! झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण करणार? पण मीही हट्टाला पेटले. गल्लीतल्या भजनाला जायला त्यांचा जीव तुटत होता, आणि फोटोत कोण ते सांगितल्याशिवाय मी त्यांना उंबरा ओलांडू देणार नव्हते. थेरपिस्ट बाई म्हणतील तसा फोटो आणखी डावीकडं सरकत गेला. भिंतीला पाच भोकं पडली. प्रत्येक खिळा मी अगदी मन लावून ठोकला.

एके दिवशी सकाळी त्या खुर्चीत बसल्या, आणि मी काही विचारायच्या आतच त्यांनी मान वळवली. इतकी वळवली की शीर ताठली.

"विहीणबाई हायत्या," त्या म्हणाल्या. "हसत्यात. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीया."

दोरा खराच होता. 'विहीणबाई' हा शब्द मात्र या तोंडातून मी पहिल्यांदाच ऐकला. एवढं ऐकलं की जीव थंड होईल, असं मला वाटलं होतं. झाला, पण थोडाच.

मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी जाताना माझ्याबद्दल काय म्हणाल्या गं त्या?"

स्टँडवर एसटीत चढताना आई मला म्हणाली होती, "त्यांच्यावर राग धरू नगंस. डोस्कं दुखत असंल बाईचं."

"काय न्हाय म्हणाली," मी सांगितलं.

आता त्या भजनाला एकट्या जातात. निघताना दारात थांबून, मान वळवून, अजून मला तेच विचारतात. मी अजून सांगितलेलं नाही.